तळहाताएवढी फट

नवऱ्याची एक तपकिरी पॅंट आमच्या घरात दर हिवाळ्यात कामाला लागते. ती गुडघ्यावर विरली तेव्हा मी तिचे दोन्ही पाय कापले, आत लाकडाचा भुसा ठासला, तोंडं शिवली आणि दोन लांबट उशा केल्या. एक पुढच्या दाराच्या फटीला आडवी, एक मागच्या. खालून येणारा गार वारा तिथंच अडतो. नवरा म्हणतो, "माझ्या पॅंटीला दाराशी नोकरी लागली आणि मी लुंगीवर कुडकुडतोय." म्हणू दे. भुसा वखारीतून फुकट मिळाला होता आणि ती पॅंट तशीही बोहारणीने घेतली नसती.

मी लातूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. सासरचे मला चिकट म्हणतात, माहेरचे काटकसरी म्हणतात, आणि दोघांच्याही म्हणण्याचा अर्थ एकच आहे हे मला ठाऊक आहे. मला त्याची लाज वाटत नाही. एकदाच वाटली. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली ती गोष्ट आहे.

लातूरची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. आमचं गाव पेपरात येतं ते उन्हाळ्यात, पाण्याच्या टँकरसाठी. पण दिवाळीचे आकाशकंदील उतरले की उत्तरेचं वारं सुटतं आणि शहाबादी फरशीवर पाय टेकवत नाही. त्यात आमचं घर गावाच्या कडेला. मागच्या खोलीची खिडकी उत्तरेला, आणि खिडकीपलीकडे थेट सोयाबीन निघालेली मोकळी रानं. घर बांधताना गवंड्याने सांगितलं होतं की खिडकी पूर्वेला घ्या. मी म्हटलं, चौकट जुनी मिळाली आहे, ती जिथं बसते तिथं बसवा. ती उत्तरेला बसली.

म्हणून दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात माझी तयारी सुरू होते. वाकळा गच्चीवर टाकायच्या, उलटसुलट ऊन द्यायचं, काठीने झोडपायच्या. या वाकळा माझ्या मायने शिवलेल्या आहेत. वर जुनं लुगडं, खाली जुनं लुगडं, मधे घरातले सगळे निवृत्त कपडे. एकीत माझी कॉलेजातली ओढणी आहे, तिचा लाल काठ शिवणीतून अजून डोकावतो. पोत्यांच्या शिवणी उसवून, आतून जुनी चादर लावून दाराचे पडदे करायचे. सतरंजीखाली पोती अंथरायची, म्हणजे फरशीचा गारठा वर येत नाही. जुना स्वेटर उसवला की लोकर कुरळी निघते. ती चहाच्या वाफेवर धरली की सरळ होते, आणि मोठ्या माणसाच्या एका बाहीत तान्ह्या बाळाचं टोपडं आणि मोज्यांचा जोड निघतो. गिझर आमच्याकडे नाही. अंगणात तांब्याचा बंब आहे. भाऊ औशाजवळच्या शेतातून बांधावरची बाभळीची लाकडं आणि मागल्या सालच्या तुराट्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून पाठवतो. तुराट्या पेटवणाला, बाभूळ तापवायला.

त्या वर्षी ही सगळी तयारी मी दुप्पट जोमाने केली, कारण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

लेक नांदेडला दिलेली. विहीणबाईंचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, काचेच्या सरकत्या खिडक्या, विजेवर तापणारा हीटर. बाळंतपण इथंच करू, असं त्या म्हणाल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी सोडायला तयार नव्हते. फोनवर त्या इतकंच म्हणाल्या, "तुमच्या घरात लई गारठा हाय म्हणून सांगून राहिली होती सून. जपा म्हणजे झालं." बोलणं साधं होतं, पण मला झोंबलं. मी ठरवलं की माझी मागची खोली अशी उबदार करीन की यांचा हीटर लाजला पाहिजे.

खिडकीची चौकट जुनी, वाकडी. दोन्ही झडपांमधून बोट जाईल एवढी फट, आणि खालच्या कोपऱ्यातली एक काच तळहाताएवढी फुटलेली. नवी काच बसवायचं दोन वर्षं पुढं ढकललं होतं. मी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे कागद फटींवर चिकटवत गेले. फुटक्या काचेवर पुठ्ठा अडकवला. दाराला पोत्याचा पडदा, खाली पॅंटीचा पाय. विहारात जाताना नेसायच्या माझ्या आणि मायच्या पांढऱ्या सुती साड्या धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या. त्यांची दुपटी आणि लंगोट फाडले. विकत आणलेली वस्तू म्हणजे एक बाळंतकाढ्याची बाटली.

मुलगी झाली. वजन जेमतेम दोन किलो. दवाखान्यात आठ दिवस ठेवून घेतलं, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "हिला औषध काही नाही. ऊब हेच औषध. थंडी लागू देऊ नका, वजन वाढलं की निम्मी काळजी मिटली." एवढीशी पोर, मूठ मिटली तर सुपारी मावेल एवढी. मी मनात म्हटलं की सव्वा महिन्याने हिला धडधाकट नांदेडला पोचवायची. यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

माय औशाकडच्या खेड्यातून आली होती. सत्तरी उलटलेली, पण गावातल्या कितीतरी बाळंतिणींना न्हाऊ घातलेले तिचे हात. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "शेगडी कुठाय?" बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, आई आणि बाळ दोघं शेकली पाहिजेत. माझं बाळंतपण तसंच झालं होतं, लेक तशीच वाढली होती. कोळसा विकत आणायला निघालेल्या नवऱ्याला मीच थांबवलं. बंबाखाली रोज एवढे बाभळीचे निखारे विझून वाया जातात. पाणी तापलं की तेच शेगडीत भरायचे. एका जाळात दोन कामं. ही युक्ती सुचल्यावर मी स्वतःवर किती खूश झाले होते हे आठवलं की आजही मान खाली जाते.

बुधवारी लेक आणि बाळ घरी आली. गुरुवारी न्हाणं झाल्यावर लेकीचं डोकं दुखायला लागलं. मळमळही होत होती. माय म्हणाली, "कानात वारं शिरलंय तिच्या. कापूस घाल, कान पक्के बांध." बांधले. शुक्रवारी पुन्हा तेच, आणि एक उलटीही झाली. दुपारी तिला अंगणात उन्हात बसवलं तर तासाभरात डोकं उतरलं, चेहऱ्यावर तजेला आला, भूक लागली म्हणाली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. बघ, उन्हाने बरं वाटलं, म्हणजे थंडीच बाधत होती. आता यात चूक काय दिसणार होती? उन्हात बसायचं म्हणजे त्या खोलीतून बाहेर पडायचं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग संध्याकाळी मी वारं शोधायला निघाले. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेकडेने फिरवली. सगळीकडे धूर सरळ वर गेला, फक्त खालच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्यापाशी, आत वळला. सापडला चोर. पुठ्ठा काढून टाकला आणि गुळगुळीत जाड कॅलेंडरचा कागद त्या फुटक्या काचेवर चिकटवला. खळ चार दिवसांची होती, वास मारत होती.

"ताजी कर की," माय म्हणाली. "ही धरत न्हाई आता."

"वाटीभर उरली आहे," मी म्हटलं. "टाकून कशी द्यायची?"

शनिवारी सकाळची शाळा. मी निघाले तेव्हा बंब पेटला होता. जाताना मायला सांगून गेले की न्हाणं झालं की निखारे भरपूर भर, आज गारठा जास्त आहे.

बारा वाजता परत आले. घर इतकं शांत होतं की मला बरं वाटलं. पोत्याचा पडदा बाजूला करून आत गेले. खोलीत अशी ऊब होती की चष्म्यावर वाफ धरली. मी दाराशी उभी राहून चष्मा पुसला आणि विहीणबाईंना हे दाखवायला हवं होतं, असं मनात म्हटलं. लेक झोपलेली. बाळ तिच्या आणि भिंतीच्या मधे, खिडकीखाली, दुपट्यात. माय भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली, मान छातीवर.

माय दिवसा झोपत नाही. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. तिच्या मांडीवरची तेलाची वाटी कलंडली होती आणि तेल लुगड्यात जिरत होतं. तेल सांडलेलं चालून घेणारी बाई नव्हे ती. मी "माय" म्हणून हाक मारली, तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. लेकीला हलवलं, ती काहीतरी पुटपुटली, शब्द लागेना. मी बाळ उचललं. ते अंगाला गरम होतं आणि हातात सैल होतं, आणि रडत नव्हतं.

मला काय झालंय ते तेव्हाही कळलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. एवढंच वाटलं की या खोलीत काहीतरी आहे आणि इथून निघायचं. बाळ घेऊन अंगणात पळाले. उन्हात बंबाशेजारी फरशीवर बसले आणि त्या पोरीच्या तळव्यावर टिचक्या मारायला लागले. एक, दोन, तीन. तिने तोंड वाकडं केलं. मग इतका बारीक आवाज काढला की तो रडण्याचा आहे हे कळायला मला क्षण लागला. मग मोठ्याने रडली. शेजारीण भिंतीवरून डोकावली. मी तिच्या हातात बाळ दिलं, आत गेले, लेकीला काखेत धरून ओढत बाहेर आणलं, मग मायला. माय उंबऱ्यावर ओकली आणि म्हणाली, "डोकं लई दुखायलंय गं."

रिक्षा शेजारणीच्या मुलाची होती, दारातच उभी. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिघींना बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खोलीत कोळसा पेटवला होता का?" मी हो म्हटलं. "आणि दारं-खिडक्या?" मी सांगितलं. प्रश्नपत्रिका सांगितल्या, खळ सांगितली, पॅंटीचा पायही सांगितला. त्यांनी एकदा डोळे मिटून घेतले. तिघींच्या नाकाला ऑक्सिजन लागला. निखाऱ्यांतून एक वायू निघतो, त्याला वास नाही, धूर नाही, बंद खोलीत तो माणसाला झोपवतो, असं त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. मी बाकावर बसले. त्याच आठवड्यात वर्गात मी पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला होता. ज्योत विझली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ज्योत का विझली, ते मी फळ्यावर लिहूनही दिलं होतं.

नवरा दुपट्यांसाठी घरी जाऊन आला. तोवर डॉक्टरीणबाई बाळाला दुसऱ्यांदा तपासत होत्या. त्यांना एक कोडं पडलं होतं. एवढ्याशा जिवाला सगळ्यांत जास्त त्रास व्हायला हवा होता आणि त्यातल्या त्यात तीच बरी होती. "हिच्याकडे कुठून हवा येत होती का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणणार होते. सगळं मीच बुजवलं होतं.

"खिडकीच्या कोपऱ्यातला कॅलेंडरचा कागद लोंबतोय," नवरा म्हणाला. "बाजेच्या बाजूला. आत वारा येतोय त्याच्यातून चांगला."

खळ धरली नव्हती. शिळी, आंबलेली, वाटीभर उरलेली खळ. मी टाकून दिली असती, माय म्हणाली तशी ताजी केली असती, तर तो कागद भिंतीसारखा बसला असता. लेकीने बाळ पडू नये म्हणून त्याला भिंतीकडे घेतलं होतं, आणि भिंतीकडे म्हणजे त्या फुटक्या काचेखाली. मी दवाखान्याच्या बाकावर पदर तोंडात धरून रडले. नवरा शेजारी बसला, आणि त्याने पहिल्यांदाच माझ्या चिकटपणावर काही विनोद केला नाही.

संध्याकाळी नांदेडहून जावई पोचला तेव्हा लेक उठून बसली होती आणि बाळ तिच्या अंगावर दूध पीत होतं. चुटूचुटू आवाज येत होता. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, धोका टळला, उद्या घरी न्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या आवाजाने कळलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. मायला वाटत होतं की तिच्या शेगडीने केलं. ती मागच्या खोलीत गेली, मधोमध उभी राहिली आणि वर सिमेंटच्या छताकडे बघत राहिली. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "वर भोकच न्हाई की गं."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. मायचं घर माळवदाचं, मातीच्या धाब्याचं. त्याच्या छताला धूर आणि उजेडासाठी भोक ठेवलेलं असतं, साणं म्हणतात त्याला. पाऊस आला की वर जाऊन त्याच्यावर पाटी झाकायची. माझं बाळंतपण त्या साण्याखाली झालं, माझ्या लेकीच्या अंगावर त्याच्यातून उन्हाचा गोल पडायचा आणि तो सरकला की वेळ कळायची. त्या घरात शेगडी पिढ्यानपिढ्या जळली आणि कुणाला काही झालं नाही, कारण वरून सगळं निघून जात होतं. मी शेगडी तेवढी माझ्या स्लॅबच्या घरात आणली, साणं मागंच राहिलं.

"तुझं काही चुकलं न्हाई," मी मायला म्हटलं. "खिडकी मी बुजवली."

"दोघींचं चुकलं," ती म्हणाली. "आता चुलीवर दूध ठेव, पोरगी उपाशी हाय."

विहीणबाईंना फोन करायचा होता. जावयाने सांगितलं होतंच, पण ते निस्तरणं माझ्याकडे होतं. मी सकाळपासून टाळत होते. फोन लागला तेव्हा मी काही लपवलं नाही. शेगडी, खिडकी, खळ, मायचं ते साणं, सगळं सांगितलं. आता त्या बोलतील, आणि जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच बसले होते.

मग त्या म्हणाल्या, "कामून रडून राहिल्या ताई? गप व्हा." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "माझ्या सासूची शेगडी मी परवाच माळ्यावरून काढली. चिंच लावून घासून ठेवली. हीटरची ऊब बाळंतिणीला सोसत न्हाई म्हणतात, म्हणून. इथं तर खिडक्या सरकवल्या की मुंगीला वाट न्हाई." "तुम्ही सांगितलं नसतं, तर सव्वा महिन्यानं मी तेच केलं असतं."

फोन ठेवल्यावर त्यांनी ती शेगडी गॅलरीत नेऊन तिच्यात तुळस लावली. आता नांदेडला गेले की त्या तुळशीला पाणी मी घालते.

मी सुधारले का? फारशी नाही. पॅंटीचे पाय अजून दाराशी आहेत, वाकळा अजून गच्चीवर पडतात, बंबाखाली अजून बाभूळच जळते. फक्त निखारे तिथंच पाणी मारून विझवते आणि खोली वाकळांनी उबदार ठेवते. त्या हिवाळ्यात मायने नात-पणतीला गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या मोज्यांत घालून, अंगापासून थोड्या लांब ठेवून शेकलं, आणि पोरगी सव्वा महिन्यात गुटगुटीत होऊन नांदेडला गेली.

खिडकीच्या फटी मी दरवर्षी बुजवते, खळ ताजी करते. खालच्या कोपऱ्यातली काच मात्र बसवलेली नाही. नवरा दोनदा काचवाल्याला घेऊन आला, दोन्ही वेळा मी परत पाठवला. चौथीतल्या पोरांना आता मेणबत्तीचा प्रयोग दाखवला की मी विचारते, तुमच्या घरात शेगडी कुठं ठेवतात. हात वर येतात. मग त्या त्या घरी मी शाळा सुटल्यावर जाऊन येते.

यंदा दिवाळीला नात आली होती, चार वर्षांची. मागच्या खोलीत झोपायला गेली आणि लगेच ओरडली की आज्जी, इथून वारा येतोय, कागद लाव. मी तिच्याशेजारी जाऊन आडवी झाले. तिचा हात धरून त्या कोपऱ्याशी नेला. गार वारा आमच्या दोघींच्या बोटांवर आला. वाकळ तिच्या गळ्यापर्यंत ओढली, आणि तिला सांगितलं की हा वारा आपला आहे, याला येऊ द्यायचं.